रेणूच्या लग्नाचे फॉन्ट

१८ फेब्रुवारी २००४, सकाळ

रेणूचं ठरलं. मुलगा नाशिकला इंजिनिअर, घर मेहकरचं, माणसं चांगली. लग्न ९ मे, इथेच चिखलीत. पत्रिका मी स्वतः करणार, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. बाजारातल्या पत्रिका मला बघवत नाहीत. तोच गणपती, तोच भडक लाल रंग आणि खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’

गोपाळ पुण्याला नोकरीला गेला तेव्हापासून त्याचा कॉम्प्युटर हॉलमध्ये मी भरलेल्या टेबलक्लॉथखाली झाकलेला आहे. आता कामी येईल. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, अक्षर धुतलेल्या रुमालासारखं असावं. साधं असलं तरी चालेल, घडी दिसली पाहिजे.

हे म्हणाले, निवृत्तीच्या प्रेसमध्ये टाकून दे, दोन दिवसांत देतो तो. वकिलांना छापील नमुन्यांची सवय असते.

एक मजकूर, एक छानसा फॉन्ट. आठवडा पुरे.

२० फेब्रुवारी

गोपाळने फोनवर सगळं समजावलं. इंटरनेटवर फॉन्ट फुकट मिळतात. उतरवायचे, फाइल उघडायची, कंट्रोल पॅनेलमध्ये फॉन्ट्सचं घर आहे त्यात टाकायचे. बस. पापड डब्यात भरण्याइतकं सोपं.

बारीकशी अडचण एकच. घरात टेलिफोनची वायर एक. फोनची काढून कॉम्प्युटरला लावायची, काम झालं की परत फोनला. गोपाळ दोनदा म्हणाला, "आई, परत लावायला विसरू नको हं." मुलांना वाटतं आई म्हातारी झाली.

२४ फेब्रुवारी

अकरा फॉन्ट उतरवले. सगळे इंग्रजी. पत्रिका मराठीत आहे हे मला माहीत आहे, पण हात बसायला हवा.

त्यातला एक थेट सिस्टर अ‍ॅग्नेससारखा! तसाच उजवीकडे किंचित झुकलेला, तसाच एफचा पोटाशी घेतलेला फाटा. चार रेघांची वही, निळी शाई, बोटाला लागलेला डाग आणि वर्गाबाहेरचं चिंचेचं झाड, सगळं आठवलं. तासभर नुसती ए टू झेड लिहीत बसले. रेणू कॉलेजमधून शिकवून आली, म्हणाली, "आई, मजकूर कुठाय?"

मजकूर काय, पाच मिनिटांचं काम आहे.

२ मार्च, दुपार

मराठी फॉन्ट मिळाले. नऊ. प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा. एकात ‘के’ दाबला की क येतो, दुसऱ्यात ठ, तिसऱ्यात नुसती वेलांटी येते आणि क कुठे आहे ते देवाला ठाऊक. एका सुंदर फॉन्टमध्ये ज्ञ सापडेना. पत्रिकेत घालायच्या नावांत ज्ञानेश्वर आहेत दोन. त्यांना वगळावं का, असा विचार मनात येऊन गेला.

तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ चारची, गेली तीनला. उतरत असलेला दहावा फॉन्ट अर्ध्यातच राहिला. तो नक्की चांगला होता.

८ मार्च

एका ठिकाणी एकदम शंभर फॉन्ट देतात. घेतले.

एक गोष्ट लक्षात आली, हल्ली दुपारी घर किती शांत असतं. फोन वाजतच नाही. ह्यांनाही बरं वाटतंय, म्हणाले, अशिलांना अक्कल आली. मला मात्र वाईट वाटतं. घरात लग्न निघालंय आणि कोणाला साधी चौकशी करावीशी वाटत नाही. पूर्वी आमच्या नागपूरच्या घरी लग्न निघालं की गल्लीतली बाई न् बाई येऊन गहू निवडायला बसायची.

१३ मार्च

फॉन्ट तीनशे बारा. शिस्त हवी. आज फोल्डर केले: सोज्वळ, नखरेल, पोक्त, रडवे, आणि नंतर बघू. संध्याकाळपर्यंत सोज्वळमध्ये सात, रडव्यांत चार. उरलेले नंतर बघूमध्ये.

कॉम्प्युटर सुरू व्हायला आता बराच वेळ घेतो. बटण दाबून मी चहा टाकते, गाळते, पिते, कप विसळते, मग तो उठतो. वयाचा परिणाम असावा. त्याच्या.

काही जुने, बेढब फॉन्ट काढून टाकावे म्हटलं, तर ते निघेनात. ‘वापरात आहे’ असं सांगतात. आपल्या घरातही अशी माणसं असतात. राहू दे.

१७ मार्च

आज मजकूर टाइप केला! ‘चि. सौ. कां. रेणुका’ इथपर्यंत.

मग तेवढंच नाव सोज्वळमधल्या सगळ्या फॉन्टमध्ये लावून बघितलं. एकात फार ठसठशीत, एकात फार नाजूक, एकात ‘रे’ची मात्रा मागे कलंडलेली. रेणू पहिलीत असताना अशीच मागे कलंडणारी मात्रा काढायची. मी खोडून सरळ करून घ्यायची, ती रडायची. आता कलंडलेली मिळाली तर तीही बरोबर दिसेना.

प्रत्येक अक्षरात ती दुसऱ्या कुणाची तरी मुलगी दिसते. फॉन्टचाच दोष. अजून चांगला असणार कुठेतरी.

२२ मार्च

काल पाडव्याला उंद्रीहून जाऊबाई आल्या. मनकर्णाबाई म्हणजे घरातलं मोठं माणूस. आल्या आल्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसल्या. मी नुकतीच एक नवी कल्पना काढली आहे: पत्रिकेत खाली घरच्यांची नावं येतात, ती सगळी एकाच अक्षरात का? माणसं का एकसारखी असतात? म्हणून प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचा फॉन्ट दिला. ह्यांना सरळ उभा, कायद्यासारखा. गोपाळला घाईतला. मोठ्या दिरांना, उत्तमरावभाऊजींना, रुंद. जाऊबाईंना गोल, भरघोस, मायाळू. अगदी प्रेमाने निवडला होता.

त्यांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माहं नाव काऊन असं फुगलं वो? पाण्यात पडलेल्या पावासारखं दिसून राह्यलं." मी सांगितलं, वहिनी, हे मायेचं अक्षर आहे. तर म्हणाल्या, "मंग तुह्यं नाव काऊन बारीक? तुले माया नाई?" रेणू हसता हसता स्वयंपाकघरात पळाली.

आणि मग, "लगनाले दीड महिना राह्यला. तू पत्रिका करून राह्यली का रांगोयी काढून राह्यली?"

मी शांतपणे सांगितलं की चांगल्या कामाला वेळ लागतो. त्या म्हणाल्या, "हाव. म्हून तर देवानं पोरीले पंचवीस वर्षं देल्ली तुह्याजवळ." याचा पत्रिकेशी काय संबंध ते कळलं नाही. पण जेवण गेलं नाही मला.

जाताना म्हणाल्या, त्या हळदीचे तांदूळ घेऊन गावोगाव आवतण द्यायला निघणार आहेत. उंद्रीपासून जानेफळपर्यंत, प्रत्येक घरी चुलीला आवतण. म्हणजे अख्खं घर या, चूल पेटवू नका. जुनी पद्धत. जाऊ दे, त्यांनाही काहीतरी काम हवं.

२९ मार्च

भयंकर प्रकार.

सकाळी दारात जीप थांबली. रेणूचे सासरे अर्जुनराव, मेहकरहून, न कळवता. बसलेसुद्धा नाहीत आधी. म्हणाले, "विहीणबाई, आमची काई चूक झाली असंन तर तोंडावर सांगा. पण असं करू नका." हे गोंधळले, मी गोंधळले. मग कळलं, ते आठ दिवस फोन करताहेत. दोन्ही घरांनी मिळून लग्नाचे कपडे घ्यायचे, तो बस्त्याचा दिवस ठरवायला. "रिंग जाते. जातच राह्यते. उचलत कोणी नाई. आमची मंडळी म्हणाली, पोरीकडच्यांचा विचार बदलला."

क्षणभर माझ्या छातीत काहीतरी हललं. म्हणजे, चांगलं वाटल्यासारखं. म्हणजे तसं नाही. सकाळी चहा जास्त झाला होता.

मग रेणूने टेबलाच्या मागे वाकून बघितलं. वायर कॉम्प्युटरला. फोनचं टोक मोकळं, भिंतीशी लोंबत होतं. तिने ती वायर फोनला लावली, आणि लावल्या लावल्या फोन वाजला. ह्यांचा एक अशील. म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही जित्ते हा ना?"

अर्जुनराव हसले म्हणून बरं. मी त्यांना साखरभात करून घातला. दोनदा वाढला. बस्ता शुक्रवारी ठरला.

संकल्प: वायर काम झालं की तत्काळ परत. आठवण राहावी म्हणून फोनच्या वर ‘वायर!’ अशी पाटी लावणार.

२ एप्रिल

पाटी लावली. तीन दिवस लागले, कारण ‘वायर’ला शोभेल असा फॉन्ट मिळत नव्हता. शेवटी नखरेलमधला एक घेतला. वेलबुट्टी आहे अक्षरांना. चष्मा लावला की स्पष्ट वाचता येतं.

९ एप्रिल

पत्रिका पूर्ण!! सतरा फॉन्ट. प्रत्येक नावानंतर एक लहानसं फूल. ही फुलं म्हणजेसुद्धा एक फॉन्टच असतो. ‘व्ही’ दाबला की कळी, ‘क्यू’ दाबला की उमललेलं. केवढं डोकं लढवतात लोक! जाऊबाईंना उमललेलं दिलं. त्यांनी कितीही टोचलं तरी मी मनात ठेवत नाही.

फक्त रेणूचं नाव अजून पक्कं नाही. तूर्त साध्या अक्षरात आहे. शेवटच्या क्षणी बदलीन.

१२ एप्रिल

फ्लॉपी घेऊन निवृत्तीच्या प्रेसला गेले. तिथे निवडणुकीची पत्रकं ढिगाने पडलेली. त्याने माझी फ्लॉपी घातली, फाइल उघडली. पडद्यावर नुसत्या चौकटी. चौकटी, चौकटी, मधेच एक स्वल्पविराम, पुन्हा चौकटी. जनगणनेच्या कागदासारखं.

निवृत्ती डोकं खाजवत म्हणाला, "ताई, हे तुमच्या घरच्या फॉन्टमधी हाय. माह्या मशीनवर ते फॉन्ट नाई. फॉन्ट बी आणा संगं." म्हणजे पाहुणा बोलवायचा तर त्याची गादीसुद्धा आपणच न्यायची. आधी का नाही सांगत कोणी?

१९ एप्रिल

सतराच फॉन्ट न्यायचे होते. पण शेवटच्या क्षणी मन बदललं तर जवळ असावेत म्हणून सोज्वळ आणि पोक्त सगळेच घेतले. फ्लॉप्या अकरा. तिसरी वाचता येईना. तिच्यातच ह्यांचा आणि जाऊबाईंचा फॉन्ट होता. घरी येऊन पुन्हा भरली. आज नेली तर प्रेस बंद.

रेणू कपाट आवरत होती. तिची शाळेतली प्रगतिपुस्तकं मला देत म्हणाली, "आई, हे तू ठेव." मी म्हटलं आत्ता नको, आत्ता मला फ्लॉपी शोधायची आहे. तिने ती परत कपाटात ठेवली. मग गेली.

२१ एप्रिल

घरी कोणीतरी पत्रिका कधी येणार म्हणून विचारतं. मी सांगते, अंतिम टप्प्यात आहे. हे म्हणतात, अंतिम टप्पा तर खटल्यालासुद्धा येतो कधीतरी.

जाऊबाईंचा फोन (वायर जागेवर होती!). म्हणाल्या, साठ घरं झाली, पुढे मेहकरकडे निघाले, गावंच्या गावं येणार. "पत्रिका नसंन तरी काई अडत नाई. तू तुह्यं चालू दे बाई." मला वाटतं त्यांना माझ्या कामाचं महत्त्व आता पटू लागलं आहे.

२ मे

पत्रिका आल्या. सातच दिवस आधी, पण आल्या.

निवृत्तीने शेवटी सगळं आपल्याच एका फॉन्टमध्ये बसवलं. म्हणाला, "ताई, तुमच्या फॉन्टनं मशीन तीन बार बंद पडली. पुढाऱ्याचं पत्रक अडकलं मधात. त्याची माणसं माह्या दुकानात येऊन बसली होती." लाल रंग. तोच गणपती. आणि खाली, मी दिलं नसताना, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’

एक गोष्ट मात्र माझी राहिली. फुलं. निवृत्तीकडे फुलांचा फॉन्ट नव्हता, म्हणून जिथे कळी होती तिथे इंग्रजी व्ही छापला गेला आणि जिथे उमललेलं फूल होतं तिथे क्यू. ‘ॲड. भालचंद्र v’. ‘श्री. उत्तमराव v’. ‘सौ. मनकर्णाबाई q’.

सकाळभर अंथरुणात पडून होते.

४ मे

जाऊबाई पत्रिका घ्यायला आल्या. मी तयारीतच होते, काय बोलतील ते ऐकून घ्यायचं. त्यांनी पत्रिका लांब धरून वाचली. आपल्या नावावर बोट ठेवलं. "हे काय वो शेवटी? इंग्रजी?" मी हो म्हटलं.

"डिग्री हाये काय?"

मी काही बोलायच्या आत रेणू म्हणाली, "हो मोठ्याई, मोठ्या माणसांना लावतात." जाऊबाईंनी भाऊजींच्या नावापुढचं बघितलं. "त्याईले हे वालं, अन् मले वेगळं?" रेणू म्हणाली, तुमचं वरचं आहे.

दोनशे पत्रिका पिशवीत भरून घेऊन गेल्या. दारातून परत फिरून म्हणाल्या, "चांगली केली हो पत्रिका. उगंच बोलली मी तुले."

शेवटी दर्जाचं चीज होतं.

९ मे

लग्न झालं. माणसं मोजता येत नव्हती. जाऊबाईंच्या चुली आल्या सगळ्या, जीपा आणि ट्रॅक्टर भरून. कोणाच्याच हातात पत्रिका दिसली नाही.

आणखी काही लिहीत नाही आज.

१० मे

जाताना रेणू म्हणाली, "आई, मांडवपरतणीला कधी जीप पाठवायची ते मी फोन करून सांगते. पहिल्यांदा माहेरी येणार, तूच ओवाळायचं, दुसऱ्या कोणी नाही. वायर बघ हं." सगळ्यांसमोर म्हणाली. लोक हसले. मीही हसले.

ताट तयार करून ठेवलं. निरांजन, कुंकू, भाकरीचा तुकडा आयत्या वेळी.

११ मे

फोन नाही. लग्नाच्या घरात सवड कुठली.

कॉम्प्युटरवर टेबलक्लॉथ घातला. संपलं ते काम. आता नवं काही नाही.

१२ मे, सकाळ

एक सुचलं. नाशिकच्या घराला दारावर पाटी लागेलच. दोघांची नावं. ती मीच करून ठेवायची, रेणू इथे आली की तिच्या हातात द्यायची. पत्रिकेत तिचं नाव राहून गेलं ते इथे नीट करता येईल.

नेट फक्त पाच मिनिटं.

१२ मे, दुपार

एक नवी जागा सापडली. मराठीचे चाळीस फॉन्ट, सगळे फुकट! त्यातला एक, ‘रे’ची मात्रा किंचित मागे, पण पडत नाही. जवळजवळ तसाच. नाव लिहून बघितलं. खूप वेळ बघितलं. तिचं नवं आडनाव पुढे लावून बघितलं, मग काढलं, मग लावलं.

फोन नाही. मोठं कुटुंब आहे, रमली असेल. चांगलंच आहे.

१३ मे

फोन नाही. मुली एकदा गेल्या की गेल्या. आपण उगीच जीव टांगून बसतो. मीसुद्धा नागपूरला आईला कुठे लवकर कळवलं होतं?

पाटी जवळजवळ झाली. ‘नंतर बघू’मधले सगळे फॉन्ट आज एकदाचे बघून संपवले. ही फार मोठी गोष्ट आहे, पण सांगायला घरात कोणी नाही.

१४ मे, संध्याकाळ

हे कोर्टातून आले. उत्तमरावभाऊजी भेटले होते तहसीलमध्ये. रेणू कालपासून उंद्रीला आहे.

दोन दिवस इथे फोन करत होती. रिंग जात होती. शेवटी तिने मोठ्याईला फोन केला. जाऊबाईंनी लगेच जीप पाठवली. दारात स्वतः ओवाळलं, भाकरीचा तुकडा टाकला, पुरणाचं जेवण केलं. आणि म्हणाल्या म्हणे, "तुह्या मायले काई म्हणू नको. तिचा जीव त्या डब्ब्यात गुतला हाये, निघायले टाइम लागंन." उद्या सकाळी आणून सोडणार आहेत.

मी म्हटलं, बरंच झालं. उंद्रीला हवा मोकळी आहे. हे चहा न घेता आत गेले.

आमच्याकडचे फोन म्हणजे असेच. लाइनमध्ये बिघाड असणार. टेलिफोन ऑफिसला तक्रारीचा अर्ज करायचं ठरवलं. तक्रारीला साधा, सरळ फॉन्ट बरा.

मग उठले. चष्मा लावला. फोनवरची पाटी वाचली. टेबलाच्या मागे हात घालून वायर काढली, फोनला लावली, रिसीव्हर उचलला.

सूर आला. स्वच्छ, एकसारखा.

फोन उत्तम चालू आहे.